बरगडीची आतली बाजू

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण एका वाचकाचं पत्र छापलं होतं. आपले पूर्वज शुद्ध हवेत जगले, दमा, जुनाट खोकला, क्षय ही दुखणी कारखान्यांनी आणि गाड्यांनी आणली, पूर्वी ती नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं. घोडबंदर रोडच्या धुळीबद्दल त्यांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द मान्य. मी स्वतः तिकडे रिक्षानं जाताना नाकाला रुमाल बांधतो. पण 'पूर्वी नव्हतीच' इथे मी अडलो, आणि त्याला कारण आहे एक बरगडी.

आधी मी कोण ते सांगतो. ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी ३४ वर्षं छातीचे एक्स-रे काढले. पेशंट त्याला 'फोटो' म्हणतात, पुढेपुढे मीही तेच म्हणायला लागलो. 'शर्ट काढा, छाती टेकवा, खांदे पुढे, श्वास घ्या... धरा... सोडा.' अजून झोपेत 'धरा' म्हणतो अशी बायकोची तक्रार आहे. छातीच्या फोटोत बरगड्या म्हणजे आम्हाला अडचण. बघायची असतात फुप्फुसं आणि या मधेमधे येतात. एखादा डाग नेमका बरगडीमागे लपला की डॉक्टर पुन्हा फोटो काढायला सांगायचे. ३४ वर्षं मी बरगड्यांच्या पलीकडे बघत राहिलो. बरगडीकडेच बघायचं असतं हे कळलं ते निवृत्त झाल्यावर, एका खड्ड्याच्या कडेला.

ठाण्याच्या जुन्या भागात, माझ्या फिरायला जायच्या वाटेवर, एका चाळीचा पुनर्विकास चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे पाया खोदताना पोकलेन अचानक थांबला. पत्र्याच्या कुंपणाशी गर्दी दिसली म्हणून मीही डोकावलो. हाडं निघाली होती. बिगारी मंडळी मागे सरून उभी, मुकादमानं नारळ आणायला पोरगा पिटाळलेला. पोलीस आले, हाडं जुनी आहेत, खुनाबिनाचा प्रकार नाही, एवढं बघून गेले. त्यांचं काम तेवढंच आणि ते त्यांनी केलं. मग नारळ फुटला, अगरबत्ती लागली आणि हाडं सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्यांत भरली गेली.

गोणीच्या तोंडाशी एक बरगडी पडली होती. मी सुपरवायझरला म्हटलं, हॉस्पिटलात होतो, जरा बघू द्या. तो म्हणाला, बघा, पण नेऊ नका. बरगडीच्या आतल्या अंगाला खालच्या कडेनं एक खाच असते, तिच्यातून रक्तवाहिन्या आणि नस जाते. ती अंगठ्यानं चाचपली आणि आतली बाजू वर केली. बाहेरची बाजू जुन्या हस्तिदंतासारखी गुळगुळीत होती. आत मात्र, मागच्या टोकाकडे चारेक बोटं लांबीचा एक करडा थर होता, बारीक बारीक भोकांचा. पाण्याच्या किटलीला आतून क्षार धरतात ना, तसा. नखानं निघेल असं वाटलं, पण निघाला नाही. तो हाडाचाच भाग होता.

मोबाइलवर चार फोटो काढले, बरगडी गोणीत ठेवली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गोण्या नव्हत्या. चौकशी केली तर डेब्रिजच्या डंपरमधून गेल्या म्हणे. कुठे, ते मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

माझी पुतणी पुण्याला पुरातत्त्व शिकते. तिला फोटो पाठवले तर पहिला फोन शाबासकीचा नव्हता. 'काका, बाजूला मापाची पट्टी का नाही ठेवली?' म्हटलं, बाई, मी फिरायला निघालो होतो, खिशात पट्टी कशाला असेल? पण मग तिनं तासभर समजावलं, पुढच्या सुट्टीत घरी आली तेव्हा लॅपटॉपवर दाखवलंही. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. त्यातलं आपल्या वाचकांसाठी थोडं लिहितो.

फुप्फुसाला बाहेरून एक पातळ आवरण असतं आणि बरगडीच्या हाडालाही आपली एक साल असते. दोन्ही अगदी लागून. फुप्फुसात जळजळ, पू, सूज महिनोन्‌महिने राहिली की तिची धग या सालीपर्यंत पोचते आणि साल नवं हाड तयार करू लागते. घाईनं झालेलं हे हाड आधी करडं आणि सच्छिद्र असतं. दुखणं ओसरलं, माणूस जगला, तर तेच हळूहळू घट्ट होऊन मूळ हाडात मिसळून जातं. म्हणजे करडा, भोकाभोकांचा थर दिसला तर मरतेवेळी आग चालू होती. गुळगुळीत उंचवटा दिसला तर ती कधीतरी विझली होती. एक्स-रेत आम्हाला त्या दिवसाची छाती दिसायची. इथे सरत्या महिन्यांची दिसते.

हे खरं की नाही, ताडून कसं बघायचं? त्यासाठी असे सांगाडे लागतात ज्यांच्या मृत्यूचं कारण लिहून ठेवलंय. अमेरिकेत सेंट लुईसला रॉबर्ट टेरी नावाच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा संग्रह केला, तो आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. इंग्लंडच्या शार्लट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सतराशेहून जास्त सांगाड्यांच्या बरगड्या तपासून १९९४ साली निष्कर्ष छापले. क्षयानं गेलेल्या २५५ जणांपैकी १५७ जणांच्या बरगड्यांवर खुणा होत्या, म्हणजे ६१.६ टक्के. क्षय सोडून फुप्फुसाच्या दुसऱ्या आजारानं गेलेल्यांत २२.२ टक्के. बाकीच्या कारणांनी गेलेल्यांत १५.२ टक्के.

हे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, कारण ते दोन्हीकडून कापतात. खूण दिसली म्हणून क्षयच म्हणता येत नाही आणि खूण नाही म्हणून क्षय नव्हता असंही म्हणता येत नाही. शंभरातल्या अडतीस क्षयरोग्यांच्या बरगड्या कोऱ्याच होत्या. म्हणून माझ्या हातातली ती बरगडी क्षयाची होती असा दावा मी करत नाही. छातीत बराच काळ काहीतरी धुमसत होतं, इतकंच.

(जाता जाता एक. असे जुने संग्रह बव्हंशी बेवारस गरिबांच्या देहांवर उभे आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी शवागारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये नोकरी केली आहे, त्यामुळे हे वाचताना जरा थांबलो.)

क्षयाची त्यातल्या त्यात पक्की खूण असते ती मणक्यांवर. दोन-तीन मणके पुढून झिजून कोसळतात आणि पाठीला टोकदार कुबड येतं. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदानं त्याचं वर्णन १७७९ साली केलं, म्हणून डॉक्टर आजही 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. पण क्षयाच्या शंभर रोग्यांत तीन ते पाच जणांच्याच हाडांपर्यंत रोग पोचतो. एक कुबड दिसलं तर मागे किती खोकणारे असतील, हिशेब करा. तरी अशी कुबडं इजिप्तच्या ममींत आहेत. पेरूमधल्या हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या ममीत क्षयजंतूचा डीएनएच सापडला, १९९४ साली, आणि तोही कोलंबस तिकडे जायच्या कित्येक शतकं आधीचा. आपल्या उपखंडात हडप्पाच्या सांगाड्यांत क्षय आणि कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ला, पण जंतू काही त्या दिवशी जन्मला नव्हता.

बरं, क्षय सोडा, हवेचं काय? पत्रलेखकांचा सगळा भर हवेवर होता. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात गोठलेला एक माणूस सापडला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. तिथे कारखाना नव्हता, डंपर नव्हता. तरी त्याची फुप्फुसं काजळीनं काळवंडलेली होती. शेकोटी आणि चूल, दुसरं काय.

चूल म्हटलं की मला आजी आठवते. माझं आजोळ घणसोली. तेव्हा नवी मुंबई अजून अंगावर यायची होती; खाडी, भातखाचरं आणि बसकी कौलारू घरं. स्वयंपाकघराला खिडकी नाही, वरच्या माळ्यावर सुकटीचं गाठोडं, तेही धुरात. आजी सकाळ-संध्याकाळ फुंकणी घेऊन चुलीपुढे. १९८६च्या पावसाळ्यात खोकला थांबेना म्हणून मी तिला रुग्णालयात आणलं आणि स्वतः फोटो काढला. डार्करूममधून ओली फिल्म हँगरला लावून बाहेर आलो, दिव्यासमोर धरली. ती पदर सावरत शेजारी येऊन उभी राहिली. 'माझे छातीन काय दिसतंय रं?' डॉक्टरांनी एक नजर टाकून विचारलं, आजी विडी किती ओढतात? तिनं आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मग चूल. बेडका तीन वेळा तपासला, क्षय निघाला नाही. ती पुढे सहा वर्षं खोकत जगली.

आपण तिला नेहमीप्रमाणे अग्नी दिला, अस्थी नाशिकला गेल्या. त्यामुळे तिच्या बरगडीच्या आतल्या अंगाला काय होतं ते कुणालाच कधी कळणार नाही. पण तिच्यासारख्या बायकांचं कुठे तरी लिहिलं गेलंय. आपल्या वरच्या जबड्याच्या हाडात, गालामागे, नाकाच्या दोन्ही बाजूंना, पोकळी असते. सायनस म्हणतो ती. धूर, धूळ, सततची सर्दी यांनी तिथली त्वचा वर्षानुवर्षं सुजलेली राहिली की पोकळीच्या भिंतीवर हाडाचे बारीक काटे आणि खळगे उमटतात. कवटी फुटलेली असली की ते उघड्या डोळ्यांनी दिसतात. अखंड असली तर नळीचा कॅमेरा आत घालावा लागतो. म्हणजे वस्तुसंग्रहालयात मिरवणाऱ्या सुबक कवटीपेक्षा फुटकी कवटी इथे जास्त कामाची. तपासणाऱ्यानं वरच्या दाढाही पाहाव्या लागतात, कारण किडलेल्या दाढेचं मूळ पोकळीत पू सोडत असेल तर दोष हवेचा नाही, दाढेचा.

इंग्लंडमध्ये मध्ययुगातल्या दोन दफनभूमींची अशी तुलना झाली, १९९५ साली छापून आली. एक यॉर्क शहरातल्या गरीब वस्तीची, दुसरी व्हॅरम पर्सी या शेतकऱ्यांच्या खेड्याची. शहरात ५५ टक्के माणसांच्या गालामागच्या पोकळीत जुन्या सुजेच्या खुणा निघाल्या. खेड्यात ३९ टक्के. शहराची हवा वाईट, हे पत्रलेखकांचं म्हणणं इथे खरं ठरतं. पण माझी नजर त्या ३९वर थांबते. भोवती शेतं, वारा, आभाळ मोकळं, आणि तरी शंभरातले एकोणचाळीस. घरात चूल आणि धुराला वाट नाही. नंतरच्या अभ्यासात, जगातल्या बऱ्याच ठिकाणी बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं जास्त दिसलं. माझ्या घरी हे वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, यासाठी कवट्या कशाला फोडायला हव्या होत्या, मला विचारायचं.

आता हाडांची फसवणूकही सांगतो, नाहीतर माझंही पत्र एकांगी होईल. न्यूमोनियानं तीन दिवसांत गेलेली धडधाकट पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या फुप्फुसाचा फोटो पांढराफटक, पण त्यांचा सांगाडा उद्या कुणी उकरला तर बरगड्या स्वच्छ. हाडाला खूण करायला वेळ लागतो आणि तो त्यांना मिळाला नाही. उलट दहा वर्षं खोकत संसार करणाऱ्याच्या बरगड्या खरबरीत. वरवर पाहणारा म्हणेल, पहिला निरोगी, दुसरा रोगी. मानवशास्त्रज्ञ जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हा पेच मांडला आणि तेव्हापासून जुन्या हाडांच्या शास्त्रातली माणसं जरा जपून बोलतात. १९१८च्या जूनमध्ये जहाजांतून मुंबईत उतरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या तापानं किती माणसं नेली, पण त्या तापाची अशी स्वतःची खूण हाडावर नाही. तरी वाट काढणारे काढतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या अशाच एका संग्रहातल्या त्याच साथीच्या काळातल्या सांगाड्यांची नडगीची हाडं तपासली तेव्हा दिसलं, की ज्यांच्या नडगीवर आधीच्या कुठल्यातरी दुखण्याचा करडा थर होता, ती माणसं साथीत जास्त मेली. २०२३ सालचं काम आहे हे. साथ सरसकट धडधाकट तरुणांनाच उचलते, हा तेव्हाचा बोलवा त्यानं खोटा ठरवला. आमच्या वॉर्डबॉयनं हे न शिकताच सांगितलं असतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. आपण बहुतेक जण जाळतो. पुरतात ती तान्ही मुलं, संन्यासी, लिंगायत समाज, मुसलमान, ख्रिस्ती, ठाण्यातले बेने इस्रायल. म्हणजे वाचायला पानंच मोजकी. त्यात कोकणचा पाऊस आणि आंबट माती हाड टिकू देत नाही. देशावर परिस्थिती बरी: घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८पासून उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची घरं आणि घरातल्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं मिळाली. त्या सांगाड्यांवर आजही अभ्यास होतो. खाडीकाठच्या आपल्या शहरात असं काही जपून निघणं हा योगच. आणि तो निघाला तेव्हा आपण सिमेंटच्या गोण्या पुढे केल्या.

याच ठाण्यात १७८७ साली किल्ल्याच्या बाजूला पाया खोदताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. शके ९३९चा, म्हणजे इ. स. १०१७. तांब्यावर अक्षरं होती म्हणून तो ठेवला गेला, वाचला गेला, आणि म्हणून ठाण्याचा हजार वर्षांचा इतिहास आपण शाळेत सांगतो. जमिनीतल्या धनासाठी १८७८चा कायदाही आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. बरगडीची किंमत दहा रुपये कोण धरणार!

माझी मागणी लहान आहे. बांधकाम परवानगीच्या पत्रात अटींची लांबलचक यादी असते. झाडं, डास, डेब्रिज, कामगारांची शौचालयं. त्यात एक अट घाला: खोदताना हाडं निघाली तर पोलिसांचं काम झाल्यावर एक दिवस तेवढ्या कोपऱ्यात खोदाई थांबवायची, जागेवरच पट्टी ठेवून फोटो घ्यायचे, किती खोल आणि कुठे ते लिहायचं आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला एक फोन करायचा. ती जागा एखाद्या समाजाची दफनभूमी असेल तर त्या समाजाला आधी विचारायचं आणि त्यांनी नको म्हटलं तर हाडं सन्मानानं परत मातीत. एका दिवसानं टॉवर उशिरा होत नाही. बिल्डर मंडळी नारळासाठी थांबतातच की अर्धा दिवस.

तुर्भ्याकडच्या, पारसिकच्या डोंगरातल्या खाणींवरचे कामगार माझ्याकडे फोटोला यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. कित्येकांना दगडाच्या धुळीनं फुप्फुसं घट्ट झालेली असताना क्षयाच्या गोळ्या चालू असत, आणि कित्येकांना खरोखर दोन्ही असे. त्यांच्या फिल्म पाच वर्षांनी रद्दीत गेल्या. चांदी काढायला भंगारवाला यायचा, किलोवर. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

त्या बरगडीचे चार फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पट्टी नाही, पण दुसऱ्या फोटोत माझा अंगठा आला आहे. त्याची रुंदी मी नंतर मोजून ठेवली, नखापाशी १९ मिलिमीटर. पुतणी म्हणाली, चालेल. कुणा अभ्यासकाला हवे असतील तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. पत्राखाली नाव मात्र छापू नये. बांधकाम अजून चालू आहे आणि मला रोज तिथूनच फिरायला जायचं असतं.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन,
कळवा, ठाणे